सात उताणा, आठ पालथा

गुरुवारी सकाळी सातवी तुळई बसेना, तेव्हा नझीर मुल्लाजी काहीच बोलला नाही. नझीर गप्प बसला म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तिथल्या दहाही माणसांना ठाऊक होतं. एरवी खिळा वाकडा गेला तरी हा माणूस शेजारच्या गल्लीला ऐकू जाईल असा बोलायचा.

घर बहरीनमधल्या बुसैतीनच्या जुन्या किनाऱ्यावरचं. किनारा आता भराव टाकून लांब गेलाय, पण घर बांधलं तेव्हा लाटा जोत्यापर्यंत यायच्या म्हणतात. कुणा मोत्याच्या व्यापाऱ्यानं शंभरएक वर्षांपूर्वी उन्हाळ्यात बसायला म्हणून हे बांधून घेतलं. आठ बाजूंचं, सगळं सागवानी, आणि लोखंडाचा एक खिळा नाही. वारा कुठूनही येवो, आठातली एखादी खिडकी त्याच्या तोंडावर असणारच, हा त्यातला हिशेब. आठ कोपऱ्यांवर आठ खांब, खांबांच्या डोक्यावर आठ तुळया एकमेकींत अडकवून केलेलं कडं, आणि कड्यावरून निघालेले आठ वासे वर मधोमध एका लाकडी गोळ्यात शिरलेले. छपराचा सगळा रेटा बाहेरच्या बाजूला, आणि तो रेटा धरून ठेवायचा तो ह्या कड्यानं. कडं तुटलं की भिंती फाकल्या आणि छप्पर खाली. लाकूड मलबारचं होतं हे कागदोपत्री आहे. सुतार मात्र आपल्या कोकणातलाच होता असं नझीर ठासून सांगायचा. ते त्याला कुणी सांगितलं, असं मात्र विचारायचं नाही.

वाळवी लागली म्हणून उन्हाळ्यात ते घर सगळं सोडवलं, तुबलीच्या वर्कशॉपात औषधाच्या टाकीतून काढलं, कुजलेले तुकडे बदलले, आणि आता ते परत उभं करायचं चाललं होतं. सोमवारी वारसा-खात्याची माणसं पाहणीला येणार होती. सहा तुळया बुधवारपर्यंत गुमान बसल्या. सातवीचं एका टोकाचं भोक सहावीशेजारच्या खांबाच्या कुसवावर, म्हणजे त्याच्या डोक्यावरच्या खुंटीवर, टपकन बसलं, आणि दुसऱ्या टोकाचं भोक पुढच्या खांबाच्या कुसवापासून चांगलं दोन बोटं पुढे गेलं. ठोकून पाहिलं, खांब ढकलून पाहिला, काढून पुन्हा घातली. दोन बोटं ती दोन बोटंच.

साइट इंजिनियर शैलेंद्र गोखले शिडीवर चढून टेप लावून आला. मूळचा पुण्याचा. माणूस वाईट नव्हता, पण सगळी हयात काँक्रीटमध्ये गेलेली, आणि काँक्रीटवाल्यांना लाकूड म्हणजे कच्चं काँक्रीट वाटतं.

"नकाशात प्रत्येक बाजू छत्तीसशे मिलिमीटर आहे नझीरभाई," तो म्हणाला. "ही छत्तीसशे चाळीस भरतेय. वाढली कशी?"

नकाशात आठही बाजू सारख्या होत्या, कारण नकाशा काढणाऱ्या बाईंनी एकच बाजू नीट मोजून बाकीच्या सातही तेवढ्याच धरून टाकल्या आणि त्या पुण्याला परत गेल्या. जुन्या सुतारानं मात्र एकही बाजू दुसरीसारखी केलेली नव्हती. कुठे दोन बोटं जास्त, कुठे दोन बोटं कमी, जसं लाकूड मिळालं तशी बाजू. नझीरला हे माहीत होतं. सांगायला त्यानं तोंडही उघडलं, पण त्याआधीच शैलेंद्र वकारकडे वळला होता.

"हे टाकीत किती दिवस होतं?"

"चार दिवस, सर."

"ठरले होते दोन."

"मधी ईद आली ना सर."

"खलास. म्हणजे फुगलंय. रविवारी सकाळी कटर लावू, चाळीस मिलिमीटर उडवू आणि नवीन भोक पाडू. आणि वकार, मला रिपोर्ट द्यावा लागेल. तू दोन ओळी लिहून दे, टाकीवर ड्युटी तुझी होती म्हणून. तुझ्या व्हिसाचं मग बघू."

वकारनं मान हलवली. वकार म्हणजे नझीरच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, आणि चार वर्षांपासून त्याच्या मुलीचा, नुसरतचा, नवरा. त्याला बहरीनला आणला तो नझीरनंच. नुसरतला सातवा महिना लागला होता आणि डिसेंबरात वकारला रजेवर जायचं होतं. व्हिसाचं मग बघू, या तीन शब्दांचा आखातात एकच अर्थ होतो. रजेवर जा आणि तिकडेच राहा.

नझीरला खरी भीती वाटली ती एवढ्याची नाही. लाकूड फुगतं ते आडवं फुगतं. लांबीत ते केसभरसुद्धा वाढत नाही, चार दिवस टाकीत ठेवा नाहीतर चार वर्षं समुद्रात. पस्तीस वर्षं रंधा मारलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तुळई वाढलेली नव्हती. तुळई चुकीची होती. आणि तुळयांवर आकडे घातले होते ते नझीरनं.

घर सोडवताना कंपनीनं प्रत्येक तुकड्याला प्लॅस्टिकची चिठ्ठी बांधायला सांगितली होती, इंग्रजी आकड्याची. नझीरला ते पटलं नाही. "तुमची चिठ्ठी जायल, माझा आकडा नाय जायचा," असं सगळ्यांसमोर बोलून त्यानं प्रत्येक तुळईच्या कापल्या टोकावर पटाशीनं आपला आकडा कोरला. तो शिकला दापोलीकडच्या उर्दू शाळेत, तेव्हा आकडे उर्दू. तिथला सात म्हणजे दोन तिरक्या रेघा, टोक खाली. आठ म्हणजे त्याच दोन रेघा, टोक वर. सात उताणा पडलेला, आठ पालथा. आता तुळईचं टोक चौकोनी, त्याला वर-खाली नाही, फिरवाल तसा आकडा फिरतो. म्हणून नझीर प्रत्येक आकड्याखाली एक आडवी रेघ मारायचा, म्हणजे रेघ खाली धरून वाचायचं. पद्धत त्याची स्वतःची आणि अगदी चोख.

फक्त कडं सोडवलं त्या दिवशी जुलै महिना होता. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार उघड्यावर काम करायला बंदी असते, आणि पावणेबाराला शेवटच्या दोन तुळया खाली आल्या. खालून सगळे ओरडत होते, यल्ला, यल्ला, आटपा लवकर. त्यानं घाम पुसत दोन आकडे कोरले आणि तो सावलीला पळाला. टाकीच्या औषधात चिठ्ठ्यांवरची शाई सगळी धुऊन गेली, तेव्हा नझीरला कोण आनंद झाला होता. स्वतः एकेक आकडा वाचून त्यानं नव्या चिठ्ठ्या लिहवून घेतल्या, आणि पुढे आठवडाभर भेटेल त्याला ही गोष्ट ऐकवली.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, कुणी बघत नाही असं पाहून, तो त्या तुळईच्या टोकाशी वाकला. दोन तिरक्या रेघा होत्या. खाली आडवी रेघ नव्हती.

आता माणसानं लगेच उठून सांगावं की नाही? सांगावं. पण नझीरला जानेवारीत साठ वर्षं पूर्ण होणार होती. साठीनंतरच्या माणसाचा व्हिसा वाढवायचा की नाही ते कंपनी एकेकाचं बघून ठरवते, आणि त्याचा कागद शैलेंद्रच्याच टेबलावर पडलेला होता. शिवाय अजून खात्री कुठे होती? आठवी तुळई अजून मीना सलमान बंदरातल्या गोदामात होती, छपराच्या सामानाबरोबर रविवारी यायची. ती मोजल्याशिवाय कशाला बोंब मारायची? असं तो स्वतःला म्हणाला. मनाची अशी समजूत काढायला लागलो की समजायचं, खात्री आपल्याला कधीच झालेली आहे.

शुक्रवारी नमाजनंतर शरीफुन्निसाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला. ती नेहमीप्रमाणे आधी आंब्याच्या कलमांचं बोलली, मग म्हणाली, "नुसरत विचारते, वकार बरा हाय ना? काल फोनवर नुसता हो-हो करत हुता."

"बरा हाय. त्याला काय झालाय?"

"तुमी त्याला काय बोललाव नाय ना?"

"मी कशाला बोलू!" नझीर एवढ्या जोरात म्हणाला की पलीकडच्या खाटेवर पडलेला वकार उठून बसला आणि काही न बोलता बाहेर गेला. सासरा-जावई एकाच खोलीत राहत होते. त्या दिवशी वकारनं जेवणही अर्धंच टाकलं. नझीरनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

शनिवारी सुट्टी होती. नझीर सकाळीच बसनं मीना सलमानला गेला. गोदामाच्या राखणदाराला त्यानं सांगितलं की वाळवी पुन्हा लागली की काय ते बघायचंय. खोटं बोलताना त्याला घाम फुटला, पण राखणदार मोबाइलमध्ये होता. आत आठवी तुळई गोणपाटात गुंडाळलेली होती. त्यानं दोन्ही भोकांमधलं अंतर मोजलं. छत्तीसशेला एक केस कमी. म्हणजे खांबांवर परवा जी दोन बोटं जास्त होत होती तिची जागा आठव्या बाजूला, आणि ही आखूड सातव्या बाजूची. टोकावर दोन तिरक्या रेघा, खाली रेघ नाही. रविवारी लांब तुळई कापली की ती आठव्या बाजूला कायमची आखूड होणार. मग आठव्या बाजूसाठी उरणार ही आखूड, आणि ही तिथे पोचणारच नाही. शंभर वर्षं तगलेलं कडं तुटणार, आणि मग शैलेंद्र त्यात लोखंडी पट्टी मारून मोकळा होणार. तो लाकडावर हात ठेवून किती वेळ उभा राहिला कोण जाणे. राखणदारानं शेवटी हाक मारली.

परत येताना बसमध्ये त्यानं एक युक्ती काढली. रविवारचा ट्रक लवकर मागवायचा. कापायच्या आधी आठवी साइटवर आली की सहज, गमतीत म्हटल्यासारखं म्हणायचं, साहेब, ही एकदा लावून बघू का? बसली की बसली. कुणी विचारलं तर गोदामात अदलाबदल झाली असेल. कुणाचं नाव नाही, कुणाला दोष नाही. युक्ती त्याला इतकी आवडली की रात्री त्याला चांगली झोपसुद्धा लागली, आणि अशा झोपेची लाज वाटायला हवी होती.

रविवारी साडेसहाला तो साइटवर होता. सात वाजले, ट्रक नाही. त्यानं ड्रायव्हरला फोन केला. बंदराच्या फाटकावर गेट-पासमध्ये काहीतरी मफी, म्हणजे गायब, होतं. साडेसातला शैलेंद्र आला. तुळई दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली होती, तिच्यावर पेन्सिलची रेघ मारलेली होती, आणि गोरखपूरचा विनीत कटरची वायर सोडवत होता.

"साहेब, जरा ट्रक येऊ दे ना," नझीर म्हणाला.

"ट्रकचा काय संबंध?"

"नाय, म्हणजे... सगळा सामान एकदम बघितला तर..."

"नझीरभाई, उद्या पाहणी आहे. आज कडं पूर्ण झालं पाहिजे." शैलेंद्रनं खिशातून एक घडी केलेला कागद काढून क्लिपबोर्डला लावला. नझीरला तो दुरूनही ओळखू आला. अक्षर वकारचं होतं, आणि खाली सही होती. वकार चार पावलांवर उभा होता, जमिनीकडे बघत. टाकीत जास्त ठेवल्यामुळे लाकूड फुगलं, असं वकारसारख्या सुतारानं लिहून दिलं होतं. तो एकेक तुळई ओळखत होता आणि लाकूड लांबीत वाढत नाही हे नझीरनंच त्याला शिकवलं होतं. पण हे सगळं नझीरला सुचलं ते नंतर. त्या क्षणी त्याला फक्त सही दिसली.

"काट दूँ, साहब?" विनीतनं विचारलं.

"हाँ."

कटर सुरू झाला. पातं लाकडाच्या वीतभर वर आलं, आणि नझीरनं पेन्सिलच्या रेघेवर पंजा पसरून ठेवला. विनीत शिवी देऊन मागे सरला. कटर बंद करायला त्याला दोनदा बटण दाबावं लागलं.

"वेड लागलंय का तुम्हाला!" शैलेंद्र ओरडला.

"कापू नका. लाकूड फुगला नाय. आकडा माझा चुकलाय." आवाज आपलाच आहे की नाही, असं नझीरला वाटलं. "ही आठवी हाय. सातवी गोदामात हाय. मी काल जाऊन मोजून आलो."

"काल? आणि तुम्ही आत्ता सांगताय?"

नझीर उकिडवा बसला. वाळूत बोटानं त्यानं दोन रेघा ओढल्या, टोक खाली. "हा सात." मग तो उठून उलट्या बाजूला जाऊन बसला. "आता हिकडून बघा. हाच आठ. खाली रेघ मारायची असते. मी नाय मारली. बारा वाजत हुते."

शैलेंद्र त्या दोन रेघांकडे पाहत राहिला. मग त्यानं चष्मा काढून पुसला. "एका रेघेसाठी," तो म्हणाला. "आणि ह्यानं मग हे काय लिहून दिलंय?" त्यानं क्लिपबोर्ड वकारपुढे धरला.

ट्रक साडेदहाला आला. गोदामातली तुळई सहा जणांनी वर चढवली, एका टोकाचं भोक बसलं, दुसरं टोक वकारनं लाकडी हातोड्यानं एकदा ठोकलं, आणि ते असं खाली गेलं की खालच्या माणसांना आवाज ऐकू आला. मग कटरखालून वाचलेली तुळई शेवटच्या बाजूला चढली. आठांचं कडं पुरं झालं. विनीतनं टाळ्या वाजवल्या. शैलेंद्रनं वकारचा कागद फाडून खिशात घातला, आणि नझीरला बाजूला घेऊन म्हणाला, "रिपोर्टमध्ये तुमचं नाव जाणार. रिन्यूअलचं मी शब्द देत नाही. पण थांबवलंत ते बरं केलंत." त्यात राग नव्हता. राग असता तर नझीरला बरं वाटलं असतं.

बाराला सगळे जेवायला गेले. नझीर त्या उघड्या आठ खांबांच्या आत जोत्यावर बसून राहिला. चार दिवसांनी पहिल्यांदा त्याला श्वास पुरत होता. जानेवारीत जावं लागलं तर जावं लागलं, इंशाल्ला काहीतरी होईल. निदान पोराचा व्हिसा वाचला. आपण फार मोठं काम केलं असं त्याला वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोला.

वकार चहाचे दोन पेले घेऊन आला आणि अंतर ठेवून बसला.

"कशाला लिवून दिलास तू?" नझीर म्हणाला. "लाकूड लांबीत फुगत नाय, ठाव नाय तुला?"

"ठाव हाय."

"मग?"

वकारनं पेला खाली ठेवला. "मामू, मना तुबलीतच कळला हुता. त्या आठवीला टोकाशी गाठ हाय. सोडवताना मीच तिला खांद्यावर घेतली हुती, दरवाजाच्या बाजूची. तुमी सात बोललाव, मी सात लिवला."

"तुबलीत?" नझीरला कळेना. "तीन महिने? मग बोललास का नाय रं?"

"मागल्या वर्षी त्या जिन्याचा तुमचा माप चुकला असा मी बोललो. चार माणसांत. तुमी टेप फेकून मारलाव. मग आठ दिवस माझ्याबरोबर जेवलाव नाय, आणि घरी फोन करून नुसरतला बोललाव, तुझा नवरा मना शिकवतो. ती रडली. तिनं मना कसम घातलीय, अब्बांचा चुकला तरी चुकला असा बोलायचा नाय."

"अरे पण ते तुळई कापणार हुते! तुला घरी धाडणार हुते!"

"त्याची भीती वाटली," वकार म्हणाला. "पण तुमची जास्ती वाटली."

चार दिवस नझीर शैलेंद्रच्या एका सहीला भिऊन जगला होता, घास गिळवत नव्हता, आवाज झाला की दचकत होता. शेजारच्या खाटेवर हा माणूस चार वर्षं तसाच जगत होता, आणि तिकडे गावात त्याची स्वतःची मुलगी फोनवर आधी त्याचा आवाज कसा आहे ते ऐकत होती. घराला वाळवी लागली तर ठोकून कळतं. त्याला कुणी ठोकून बघितलंच नव्हतं, कारण कुणाची हिंमत नव्हती. त्याला भयंकर लाज वाटली. ओरडावंसं वाटलं, आणि ओरडायचं कुणावर तेच कळेना.

जेवणाच्या सुट्टीआधी छपराचा पहिला वासा नझीरनंच वर कड्याला बांधून ठेवला होता. नझीर उठला, शिडी चढून त्यानं वाशाच्या बुडाशी हात ठेवला, आणि जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाला, "वकार, हा वासा मी बांधलाय. बरोबर हाय का, बघून सांग."

वकार उठून जवळ आला. त्यानं आधी नझीरच्या तोंडाकडे पाहिलं, मग वाशाकडे.